गाडीचे सांधे कुरकुरू लागले की...

"अगं हळू! ही गाडी आहे का खटारा?"

गतिरोधकावरून गाडी उतरली आणि मागच्या सीटवर सासूबाई कळवळल्या. खरं म्हणजे मी हळूच घेतली होती. पण पुढच्या चाकापाशी 'खट्' असा आवाज झाला आणि तो हादरा थेट त्यांच्या कमरेत गेला. मणक्याच्या दुखण्यासाठी त्यांना आठवड्यातून दोनदा व्यायामोपचाराला न्यावं लागतं. "तिथं जाऊन अंग जरा मोकळं होतं," त्या म्हणाल्या, "आणि परत येईपर्यंत तुझी गाडी ते पुन्हा आखडून टाकते." मी गप्प बसले. दुसरं करणार काय?

गाडी म्हणजे आमची २००९ सालची ऑल्टो. हे नोकरीनिमित्त कोल्हापूरला असतात, शनिवारी येतात. इथं साताऱ्यात सासूबाई, दोन मुलं आणि मी. कोरेगाव रस्त्यावरच्या एका शाळेत मी अर्धवेळ शिकवते. माझे तास असे आहेत, की त्या वेळेला एसटी एक तर निघून गेलेली असते नाही तर यायची असते. तेव्हा गाडी ही माझी चैन नव्हे, ती आहे म्हणून माझी नोकरी आहे. २०२४ मध्ये तिला पंधरा वर्षं पूर्ण झाली, तेव्हा तपासणी करून घेतली, शुल्क भरलं, पर्यावरण कर भरला आणि पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घेतली. आता एवढं केल्यावर ती काढायची आणि नव्या गाडीचा हप्ता मागे लावून घ्यायचा? माझा महिन्याचा पगार त्या हप्त्यातच संपला असता.

पण गेल्या पावसाळ्यानंतर तिचं काही खरं दिसेना. गतिरोधकावर खट्, खड्ड्यात खट्, रिव्हर्स घेऊन पहिला गिअर टाकला की 'ठक्'. डाव्या बाजूचं पुढचं टायर आतल्या कडेनं खाल्लेलं. आणि एकदा एसटी स्टँडपाशी एक मुलगा सायकल घेऊन अचानक आडवा आला, मी ब्रेक दाबला तर गाडी थांबली, पण थांबता थांबता चांगली वीतभर डावीकडे ओढली गेली. त्या मुलाला काही झालं नाही. माझे मात्र पाय घरी येईपर्यंत थरथरत होते. शनिवारी ह्यांना सांगितलं. "विकून टाक," हे म्हणाले. पुरुषांना हे दोन शब्द फार सोपे जातात.

आधी एका नावाजलेल्या गॅरेजमध्ये नेली. त्यांनी एक चक्कर मारली आणि सांगितलं, "शॉकअप गेलेत." चारही शॉक ॲब्सॉर्बर बदलले, बिल पाहून मी पर्स दोनदा उघडून मिटली. आठ दिवस बरं वाटलं. नवव्या दिवशी पुन्हा खट्. परत गेले तर म्हणाले, "जुन्या गाडीला एवढं चालायचंच मॅडम." मैत्रिणींनो, हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल, कधी गाडीबद्दल, कधी मिक्सरबद्दल आणि कधी आपल्याच गुडघ्यांबद्दल!

शेवटी शाळेतल्या एका सहकारी बाईंनी त्यांच्या मिस्त्रींकडे पाठवलं. साधं पत्र्याचं शेड, मध्ये खड्डा. मिस्त्री म्हातारे, बोलणं कमी. गाडी खड्ड्यावर घेतली, एक लांब टॉमी घेतली आणि मला म्हणाले, "ताई, या खाली. बघितल्याशिवाय पैसे देऊ नका." पदर खोचला आणि उतरले खड्ड्यात. त्यांनी चाकामागच्या लोखंडी हाताच्या बेचक्यात टॉमी घालून जरा दाबली, तर तो हात चक्क बोटभर पुढेमागे हलला. "हा हलायला पाहिजे केसाएवढा. ह्यातला बुश संपलाय."

बुश म्हणजे काय?

एक लोखंडी बांगडी डोळ्यांपुढे आणा. तिच्या आत जाड रबर भरलेलं, आणि रबराच्या बरोबर मध्ये एक लोखंडी नळी. झाला बुश. बाहेरची बांगडी चाकाला धरणाऱ्या हातात, म्हणजे लोअर आर्ममध्ये, घट्ट बसवलेली असते आणि आतल्या नळीतून बोल्ट जाऊन गाडीच्या सांगाड्याला आवळला जातो. लोखंडाला लोखंड कुठंच लागत नाही, मध्ये रबर. चाक वरखाली झालं की रबराला पीळ बसतो आणि सुटतो. आपल्या गुडघ्यातली कूर्चा जे काम करते, तेच हे. कूर्चा झिजली की हाडाला हाड लागतं. रबर फाटलं की लोखंडाला लोखंड लागतं आणि 'खट्' आवाज येतो.

हे रबर नुसता धक्का गिळत नाही, चाक आपल्या जागी सरळही ठेवतं. म्हणून बुश गेला की टायर एका बाजूनं खाल्लं जातं आणि ब्रेक दाबल्यावर गाडी एकीकडे ओढते. माझ्या गाडीत डावीकडचा बुश उजवीकडच्यापेक्षा जास्त गेला होता, ब्रेक लागताच डावं चाक मागे सरकायचं आणि गाडी तिकडं वळायची. म्हणजे शॉकअपवर घातलेले माझे पैसे औषध एका दुखण्याचं आणि दुखणं दुसरंच, अशा थाटात गेले. (ओढण्याला ब्रेकचं किंवा टायरच्या हवेचंही कारण असू शकतं; ती दोन्ही आधी तपासून घ्यावीत.)

आमच्या ऑल्टोला असे बुश पुष्कळ ठिकाणी आहेत. पुढच्या दोन्ही लोअर आर्मना, आडव्या स्टॅबिलायझर बारला, आणि मागच्या ॲक्सलला धरणाऱ्या तीन दांड्यांच्या टोकांना. दोन दांड्या ॲक्सलला पुढेमागे सरकू देत नाहीत, एक डावीउजवीकडे. मारुती ओम्नीसारख्या पाटे असलेल्या गाडीत पाट्यांच्या दोन्ही टोकांच्या डोळ्यांत बुश असतात.

आता डिफरन्शियल हा शब्द तुमच्या कानावर आला असेल. आम्ही शाळेत लेझीमची रांग वळवतो तेव्हा आतल्या टोकाची मुलगी जवळजवळ जागेवरच पावलं टाकते आणि बाहेरच्या टोकाची धावते. गाडी वळतानाही बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. इंजिनची शक्ती पोचवतानाच दोन्ही चाकांना असं कमीजास्त फिरू देणारी गिअरची पेटी म्हणजे डिफरन्शियल. काही मोठ्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत ती पेटी वेगळी टांगलेली असते आणि तिला स्वतःचे जाड बुश असतात. ओम्नी किंवा जुनी ॲम्बॅसेडर घेतली तर ती मागच्या ॲक्सलमध्येच असते, वेगळे बुश नाहीत. आमच्या ऑल्टोसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ती गिअरबॉक्सच्या पोटात असते. म्हणून आपल्याकडे ते काम इंजिन आणि गिअरबॉक्सच्या रबरी माउंटिंगकडे येतं. गॅरेजमध्ये त्याला 'फाउंडेशन' म्हणतात. मागेपुढे करताना जो 'ठक्' आवाज यायचा, तो तिथला. गाडी जागेवर उभी असताना सगळं अंग थरथरणं, क्लच सोडताना धक्का बसणं, गिअरची दांडी आपोआप उडणं, ही त्याची लक्षणं.

कुठलं रबर घ्यावं?

इथं घरात दोन पक्ष पडले. माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. तो फोनवर म्हणाला, "मामी, रबर कशाला? पीयूचे बुश टाका. आयुष्यभर बघायला नको." पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. लाल-पिवळ्या रंगाचे, दिसायला मोठे सुबक, हाताला टणक. शर्यतीच्या गाड्यांत वापरतात म्हटल्यावर भाच्याचा जीव त्यांच्यावर!

मी मिस्त्रींना विचारलं, नंतर भाच्यालाच पुस्तकात पाहायला लावलं, आणि जे कळलं ते असं. रबराचा कठीणपणा शोअर नावाच्या मापानं मोजतात. साध्या बुशचं रबर ह्या मापावर साधारण ५० ते ७० च्या आसपास भरतं, पीयूचे बुश बहुधा ८० ते ९५. टणक असल्यामुळे चाक जागचं हलत नाही, वळणावर गाडी ताठ राहते, आणि तेलानं ते रबरासारखे फुगत नाहीत. हे गुण खरेच. पण टणकपणामुळेच रस्त्याचा प्रत्येक खडा वर पोचतो. शिवाय रबरी बुशमध्ये रबर दोन्ही नळ्यांना चिकटवलेलं असतं, त्यामुळे ते नुसतं पिळलं जातं, घासत नाही. पीयूच्या बुशमध्ये आतली नळी पीयूवर घासत फिरते. तिथं खास ग्रीस लागतं. ते धुऊन गेलं, धूळ शिरली, की जुन्या झोपाळ्यासारखी करकर सुरू. आणि जिथं बुशला एकाच दिशेनं नव्हे तर थोडं तिरकंही वळावं लागतं, तिथं फार टणक माल अडून बसतो आणि त्याचा ताण आर्मवर जातो. फाउंडेशनला किंवा डिफरन्शियलला तो घातला तर गिअरची गुणगुण आणि इंजिनची थरथर सरळ आत बसणाऱ्यांच्या दातांत!

ज्याला घाटात शर्यत लावायची आहे त्यानं खुशाल पीयू घ्यावा. मला मागच्या सीटवर सासूबाई न्यायच्या होत्या. तेव्हा रबर, हे ठरलं. भाचा म्हणाला, "मामी, तुम्हाला परफॉर्मन्स कळत नाही." म्हटलं, "राजा, माझा परफॉर्मन्स आजीच्या कमरेवर मोजतात."

पण रबरातही कुठलं? बाजारात एकाच गाडीचा बुश तीन भावांत मिळतो. सगळ्यांत स्वस्त तो सुट्टा, प्लास्टिकच्या पिशवीत, नाव ना गाव. हाताला एक तर दगड लागतो नाही तर खोडरबर. मधला म्हणजे सुट्या भागांच्या नामांकित कारखान्यांचा, खोक्यात. त्यातला काही माल चांगला असतो. आणि तिसरा गाडीच्या कंपनीचाच. बुशची किंमत शे-दोनशेनं वाढते हो, पण जुना काढून नवा दाबून बसवायची मजुरी तिन्हींना तेवढीच, आणि ती बुशपेक्षा कितीतरी जास्त. स्वस्तातला बुश वर्षात फाटला तर मजुरी दुसऱ्यांदा आणि टायर वेगळं. साडीला फॉल स्वस्तातला लावला आणि पहिल्या धुण्यात आटला, तर साडीही जाते, तसलाच हा प्रकार. इथं काटकसर करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुकानात जाताना गाडीचं मॉडेल आणि साल सांगणाऱ्या नोंदणी पुस्तकाची प्रत न्यावी. त्यात चेसिस नंबर असतो, त्यावरून बरोबर पार्ट नंबर काढता येतो. 'ऑल्टोचाच आहे हो' ह्यावर विश्वास ठेवू नये. खोक्यावर पार्ट नंबर, छापील किंमत आणि पॅकिंगचा महिना-साल असतं, ते वाचावं. रबर हे लोणच्यासारखं मुरून चांगलं होत नाही. फळीवर वर्षानुवर्षं पडलेलं रबर न वापरताच कडक होतं. बुश हातात घेऊन नखानं दाबावा, कडेला बारीक भेगा दिसल्या तर परत द्यावा. मी एक परत दिला. दुकानदाराचं तोंड वाकडं झालं, पण दुसरा काढून दिला.

आणखी एक प्रश्न येतो: नुसता बुश बदलायचा का सगळा आर्म? बऱ्याच गाड्यांचा आर्म बुश आणि बॉल जॉइंटसकट तयार मिळतो. बॉल जॉइंटही ढिला असेल किंवा आर्म वाकलेला, गंजलेला असेल तर सरळ आखा आर्म घ्यावा. दाबून बसवण्याची मजुरी वाचते आणि काम लवकर होतं. माझ्या गाडीत उजवा आर्म ठीक होता, डाव्याचा बॉल जॉइंट गेला होता. मग डावीकडे आखा आर्म आणि उजवीकडे नुसता बुश, असं केलं. मात्र दोन्ही बाजूंचं रबर एकाच वेळी नवं झालं पाहिजे. एक पाय नव्या चपलेत आणि एक जुन्या, असं गाडीलाही चालत नाही.

बसवताना तिथं उभ्या राहा

खरी मेख इथं आहे. चांगल्यातला चांगला बुश चुकीचा बसवला तर काही महिन्यांत फाटतो, आणि बाहेरून ते कुणाला दिसत नाही.

पहिली गोष्ट, बुश हातोड्यानं ठोकून बसवू देऊ नका. त्यानं बाहेरची बांगडी वाकते. हायड्रॉलिक प्रेसवर दाबून बसवतात. ज्या गॅरेजमध्ये प्रेस नसतो ते आर्म लेथवाल्याकडे पाठवतात. काही बुशना खाचा किंवा खुणा असतात, त्या ठराविक दिशेलाच याव्या लागतात. जुना काढण्याआधी खडूनं खूण करून ठेवली की झालं. बसवताना घसरावं म्हणून तेल लावू नये, साबणाचं पाणी पुरतं.

दुसरी गोष्ट सांगते, ती नीट लक्षात ठेवा, कारण चांगले चांगले कारागीर इथं घाई करतात. गाडी जॅकवर असताना चाकं लोंबकळत असतात. तशा अवस्थेत मधला बोल्ट पूर्ण आवळला, तर रबर त्या लोंबत्या स्थितीतच पकडलं जातं. मग गाडी खाली आली की रबराला कायमचा पीळ. उभी असतानाही पीळ, चालतानाही पीळ. समजा शिंप्यानं हात डोक्यावर धरायला लावून ब्लाउजच्या बाहीचं माप घेतलं, तर हात खाली केल्यावर काखेत काय होईल? तेच! म्हणून बोल्ट आधी नुसता अडकेल इतका लावायचा, गाडी चारी चाकांवर उभी करायची, आणि मग वजन चाकांवर असताना शेवटचं आवळायचं. आमच्या मिस्त्रींच्या खड्ड्याचा उपयोग मला तेव्हा कळला. खड्ड्यावर गाडी स्वतःच्या पायांवर उभी असते आणि माणूस खालून आवळू शकतो. मी विचारलं, "मिस्त्री, वजनावर आवळताय ना?" त्यांनी पाना थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे कुणी शिकवलं ताई तुम्हाला?" मला पदवीच्या परीक्षेत पास झाल्यावरही इतकं बरं वाटलं नव्हतं. (खड्डा ठीक, पण नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणालाही, अगदी स्वतःच्या यजमानांनाही, जाऊ देऊ नका. जॅक सरकतो.)

तिसरी गोष्ट, बुश बदलले की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चाकांची अलाइनमेंट करून घ्यावी. आर्म निघून पुन्हा बसला की चाकाचा कोन थोडा तरी बदलतो.

आणि चौथी आपल्याकडची खास खोड. पावसाळ्याआधी गाडी धुवायला टाकली की गंजू नये म्हणून खालून तेल मारतात, कधी जळकं ऑइल, कधी डिझेल. पत्र्याचं काय भलं होत असेल ते होवो, पण ते तेल रबरावर बसतं आणि रबर फुगून मऊ पडतं. मी दरवर्षी हौसेनं पैसे देऊन हे करून घेत होते! मिस्त्रींनी जुना बुश दाखवला तर एका बाजूनं अक्षरशः भिजल्या पोळीसारखा झालेला. इंजिनमधून तेल गळत असेल तर तेही आधी बंद करून घ्यावं. बुश करकरतो म्हणून त्यावर तेलाची धार धरणं हाही तोच प्रकार. दोन दिवस आवाज थांबतो.

आमच्या गाडीचं काम दीड दिवसात झालं. पुढचे लोअर आर्म, स्टॅबिलायझरची रबरं आणि गिअरबॉक्सचं एक फाउंडेशन. मागच्या दांड्यांच्या बुशवर वरवर बारीक भेगा होत्या, पण टॉमी घालून पाहिल्यावर हलत नव्हते. "वरच्या भेगा म्हणजे सुरकुत्या," मिस्त्री म्हणाले, "रबर नळीपासून सुटलं तर बदलायचं. आता राहू द्या." मला हे फार आवडलं. आधीच्या गॅरेजच्या शॉकअपच्या बिलापेक्षा सगळा खर्च बराच कमी आला.

निघताना मी जुने बुश मागून घेतले. कुठल्याही दुरुस्तीनंतर जुना भाग मागून घ्यायची सवय लावा. बदलला की नाही ते कळतं आणि काय झालं होतं तेही. डाव्या बुशमधली नळी बोटानं फिरवली तर गरगर फिरली, रबराशी तिचा काही संबंधच उरला नव्हता. शनिवारी हे आल्यावर तो बुश चहाच्या कपाशेजारी ठेवला आणि नळी फिरवून दाखवली. ह्यांनी ती दोन-तीनदा फिरवून पाहिली आणि म्हणाले, "चल, एक चक्कर मारू."

सासूबाईही निघाल्या. मागच्या सीटवर नेहमीप्रमाणे समोरच्या सीटची पाठ घट्ट धरून बसल्या. तो गतिरोधक आला. गाडी चढली, उतरली. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "मघाचा गतिरोधक काढून टाकला की काय गं?"